लग्नानंतर दोघांच्या पगाराचं घर कसं लावायचं: पहिल्या वर्षातली कामं, क्रमाने

लग्न ठरलं की हॉल, केटरर, शालू, मानपान, सगळ्याच्या याद्या होतात, पण लग्न झाल्यावर दोन पगार एका घरात आले की ते कसे चालवायचे याची यादी कोणीच हातात देत नाही. मग पहिलं वर्ष असंच जातं, ज्याच्या मोबाईलवर जे ॲप आहे तो ते बिल भरतो, आणि वर्षभराने एकजण म्हणतो "सगळं मीच भरतो" आणि दुसरी म्हणते "मग किराणा कोण भरतं". आमच्या घरात ही घडी बसायला बराच वेळ गेला, आणि आता नात्यातली, ऑफिसातली नवीन लग्न झालेली मुलं-मुली हेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. आम्ही पुण्यात राहतो त्यामुळे सरकारी गोष्टी महाराष्ट्रातल्या आहेत, बाकी कुठेही चालेल.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. बहुतेक जण बजेटपासून सुरुवात करतात, एक्सेल शीट वगैरे. माझं मत उलटं आहे. आधी नावं बघा. खातं कोणाच्या नावावर, ॲग्रीमेंटवर कोणाचं नाव, ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येतो. घरात कोणाचं म्हणणं चालतं ते बऱ्याचदा इथेच ठरलेलं असतं, आपण उगाच त्याला स्वभाव म्हणतो.

आणि हे नुसतं माझं मत नाहीये. पूर्वी अर्थतज्ज्ञ घराला एकच माणूस असल्यासारखं धरायचे, म्हणजे पैसा कोणाच्याही हातात आला तरी खर्च सारखाच होणार. १९९२चं नोबेल मिळालेले गॅरी बेकर यांची मांडणी साधारण त्या अंगाने जाणारी. नंतर अमर्त्य सेन आणि इतरांनी म्हटलं की घरात प्रेम असतं तशी घासाघीसही असते, आणि ज्याच्याकडे घराबाहेर आधार जास्त त्याचं पारडं जड. मग ब्रिटनचं उदाहरण पुढे आलं. तिथे १९७०च्या दशकाच्या शेवटी मुलांसाठीचा सरकारी फायदा वडिलांच्या पगारावरच्या करसवलतीतून काढून थेट आईच्या हातात द्यायला लागले, आणि नंतर अभ्यासात दिसलं की पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला. घर तेच, फक्त पैसे घेणारा हात बदलला. आपल्याकडे २०२४ मध्ये लाडकी बहीणचे १५०० रुपये बाईच्या स्वतःच्या आधार जोडलेल्या खात्यात यायला लागले तेव्हा माझ्याकडे काम करणाऱ्या मावशींनी पहिल्यांदा स्वतःचं पासबुक पर्समध्ये ठेवायला सुरुवात केली. असो. कामाला लागू.

१. आधी कागद एका नावावर आणा

लग्नाची नोंदणी आधी. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात किंवा गावाकडे ग्रामपंचायतीत होते, नमुना 'ड' भरायचा, तीन साक्षीदार लागतात. लागणारी कागदपत्रं साधारण अशी:

- दोघांचं आधार, आणि वयाचा पुरावा (शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला)
- राहण्याचा पुरावा
- लग्नपत्रिका आणि लग्नातला फोटो (हार घालतानाचा असला की बरं)
- तिन्ही साक्षीदारांचे ओळखपत्र आणि फोटो
- लग्न लावणाऱ्या गुरुजींचं नाव, पत्ता, सही

गुरुजींची सही लग्नाच्या दिवशीच घेऊन ठेवा, नंतर ते मुहूर्तांच्या मोसमात सापडत नाहीत.

आता नावाचं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. बदलायचं तर पूर्ण बदला, नाहीतर अजिबात नको. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे अर्धवट, आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, बँकेत तिसरंच स्पेलिंग, आणि मग होमलोनच्या वेळी किंवा पीएफ काढताना केवायसी अडकतं. माझा सल्ला विचाराल तर नोकरी करणाऱ्या मुलीने नाव तसंच ठेवावं, डिग्री, पीएफ, पासपोर्ट सगळं सरळ राहतं. सासूबाईंना वाईट वाटेल ही भीती असते, पण लग्नाचा दाखला असला की नातं सिद्ध करायला आडनाव लागत नाही हे शांतपणे सांगितलं की बहुतेक घरात पटतं.

२. खाती: तुझं, माझं, आपलं

तीन खाती ठेवा. दोघांचं आपापलं सॅलरी अकाउंट आणि एक जॉइंट. जॉइंट उघडताना फॉर्मवर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' हा पर्याय निवडा, म्हणजे दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकतो आणि एकाचं काही बरंवाईट झालं तर दुसऱ्याला खातं चालू राहतं. याचाच दुसरा अर्थ असा की कोणीही एकजण सगळे पैसे काढूही शकतो, म्हणून जॉइंटमध्ये महिन्याचा खर्च आणि थोडी गंगाजळी एवढंच ठेवा, आयुष्यभराची पुंजी नको.

इथला नेहमीचा घोळ म्हणजे खातं दोघांचं पण मोबाईल नंबर एकाचाच. मग दुसऱ्याला प्रत्येक वेळी "ओटीपी सांग ना" करावं लागतं आणि ते खातं नावापुरतंच जॉइंट राहतं. दोघांचे नंबर रजिस्टर करून घ्या, दोघांचं डेबिट कार्ड, दोघांचं नेटबँकिंग. बँकवाले आळस करतील, काउंटरवर उभं राहून करून घ्या.

३. कोणी किती टाकायचे

यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात म्हणून आकड्यात सांगते. समजा त्याच्या हातात ७०,००० येतात, तिच्या ४५,०००, आणि घरभाडं, किराणा, दूध, गॅस, लाईट, मावशी, पेट्रोल, मेंटेनन्स धरून सामाईक खर्च ६२,००० आहे.

निम्मं-निम्मं केलं तर दोघांचे ३१,०००. ऐकायला एकदम न्यायाचं वाटतं. पण तिच्याकडे उरले १४,००० आणि त्याच्याकडे ३९,०००. पाच वर्षांनी त्याचा पोर्टफोलिओ असतो आणि तिचं म्हणे "बचतच होत नाही". पगाराच्या प्रमाणात टाकलं तर त्याचे साधारण ३७,७०० आणि तिचे २४,३००, हातात उरतात ३२,३०० आणि २०,७००. तिसरा प्रकार म्हणजे सगळा पगार एकत्र करायचा आणि दोघांनी सारखाच हातखर्च घ्यायचा, ज्याचा हिशोब कोणी कोणाला द्यायचा नाही.

मला नवीन जोडप्यांसाठी दुसरा प्रकार बरा वाटतो आणि मूल झाल्यावर तिसरा. निम्मं-निम्मं फक्त पगार जवळपास सारखे असतील तरच. आणि एक अगदी टाळा, "तिच्या पगारातून घरखर्च आणि त्याच्या पगारातून हप्ते आणि गुंतवणूक" ही वाटणी. दिसायला सोयीची आहे, पण किराणा खाऊन संपतो आणि फ्लॅट उरतो, आणि फ्लॅटच्या कागदावर ज्याच्या खात्यातून हप्ता गेला त्याचा दावा मजबूत होतो.

सासू-सासऱ्यांसोबत राहत असाल तर गणित वेगळं. काही घरात पगार आईंच्या हातात द्यायची पद्धत अजून आहे. तिथे पहिल्याच महिन्यात नीट बोलून घ्या, "आई, दर महिन्याच्या पाच तारखेला आम्ही दोघं मिळून एवढे घरात देऊ, बाकीचं आमचं आम्ही बघतो" असं, आणि हे मुलाने बोलायचं, सुनेने नाही. सुनेने बोललं की ते वर्षभर पुरतं.

४. दोन्ही घरचे पैसे, आहेर आणि सण

बजेट इथे फुटतं. गावाकडचं घर गळतंय, मामेभावाचं लग्न, दिवाळसण, डोहाळजेवण, बारसं, सोसायटीच्या गणपतीची वर्गणी. हे खर्च अचानक येत नाहीत, दरवर्षी येतात, फक्त आपण दरवर्षी चकित होतो. मागच्या वर्षीचे आठवतील तेवढे लिहा, बेरजेला बाराने भागा आणि ती रक्कम दर महिन्याला वेगळ्या आरडीत टाका.

आईवडिलांना पाठवायचे पैसे दोन्हीकडचे त्याच पानावर लिहा. मुलीने माहेरी पैसे देणं म्हणजे चोरून द्यायची गोष्ट, असं अजूनही मानतात. १९८७ साली महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की लग्न झालेल्या कमावत्या मुलीवरही आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी आहे. रक्कम दोन्हीकडे सारखी असायची गरज नाही, तिकडे पेन्शन आहे का, शेती आहे का, औषधं किती लागतात यावर ठरवा. पण लपवून नको, कारण पैसे कितीही थोडे असले तरी कळल्यावर भांडण लपवण्यावरूनच होतं.

५. घर घेताना: कर्जात नाव आणि कागदावर नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

हा भाग नीट वाचा, बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल.

बँक म्हणते, एकट्याच्या पगारावर एवढं लोन बसत नाही, मिसेसचं नाव घ्या. मिसेस को-बॉरोअर होतात, दहा ठिकाणी सह्या करतात. पण बिल्डरकडचं ॲग्रीमेंट आधीच एकट्या नवऱ्याच्या नावाने झालेलं असतं. याचा अर्थ काय? कर्ज फेडायची जबाबदारी दोघांची, घर एकाचं. हप्ते थकले तर तिचाही सिबिल स्कोअर पडतो, पण घर विकताना तिची सही लागत नाही. हे कोणी मुद्दाम फसवायला करतं असं नाही, बुकिंगच्या वेळी घाईत एकाचं आधार दिलेलं असतं एवढंच. म्हणून टोकन देतानाच सांगा की नावं दोन. नोंदणी झाल्यावर इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला त्या व्यवहाराचा उतारा) काढून बघा, त्यात दोन्ही नावं आहेत का, आणि पुढे सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरही.

आता लोक विचारतात की एकट्या बायकोच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटी कमी लागते ना? हो, महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावाने घर घेतलं तर १ टक्का सवलत आहे, ६० लाखांच्या फ्लॅटवर ६०,००० वाचतात. पूर्वी यात अट होती की पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही, ती २०२३ मध्ये काढली. पण ही सवलत नवऱ्याचं नाव सोबत घातलं की मिळत नाही. आणि दुसरी बाजू अशी की घर एकट्या तिच्या नावावर असेल तर नवऱ्याने हप्ते भरले तरी त्याला टॅक्समध्ये त्याचा फायदा घेता येत नाही. जुन्या टॅक्स रेजिममध्ये असाल तर दोघं मालक आणि दोघं कर्जदार असल्यावर प्रत्येकाला वर्षाला २ लाखांपर्यंत व्याजाची वजावट मिळते, तिथे दोन नावं फायद्याची. नवीन रेजिममध्ये स्वतः राहत असलेल्या घरावर ही वजावटच नाही, मग एकटीच्या नावाचा विचार करायला हरकत नाही. एजंट फक्त सवलतीचं सांगतो, दुसरं सांगत नाही. नोंदणी फी वेगळी, १ टक्का पण जास्तीत जास्त ३०,०००.

दोन नावं घालताना कोणाचा हिस्सा किती हेही ॲग्रीमेंटमध्ये लिहून घेता येतं. माहेरून डाउन पेमेंटला पैसे आले असतील तर ते चेकने किंवा ट्रान्सफरने घ्या, रोख नको, म्हणजे कोणाचे किती आले ते कागदावर राहतं.

६. "बायकोच्या नावाने एफडी टाकली की टॅक्स वाचतो"

नाही वाचत. नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशावर गिफ्ट टॅक्स नाही हे खरं, पण ते पैसे गुंतवून जे व्याज येतं ते नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. तिच्या स्वतःच्या पगारातली एफडी मात्र तिचीच. म्हणून खाती मिसळू नका.

पीपीएफ जॉइंट होत नाही, दोघांनी आपापलं काढा. एका बँकेत एका माणसाचे ५ लाखांपर्यंतच विम्याखाली असतात, व्याज धरून, तेव्हा पतपेढी किंवा छोट्या सहकारी बँकेत जास्त व्याजाच्या नादात सगळं एकत्र ठेवू नका (पतपेढीला तर तो विमाही नसतो). ऑफिसातली भिशी चालवायची तर चालवा, पण तिला गुंतवणूक समजू नका.

७. मूल आणि नोकरीचं गणित

"तुझा पगार पाळणाघरातच जाणार, मग कशाला दगदग" हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणारच आहे. समजा तिचे ४५,०००, पाळणाघर १२,०००, रिक्षा ३,०००, वरची बाई ४,०००, उरले २६,०००. पण हा सगळा खर्च फक्त आईच्या पगारातून का वजा करायचा? मूल दोघांचं, पाळणाघरामुळे नोकरी दोघांची चालू राहते. दोघांच्या मिळून १,१५,००० मधून वजा करून बघा, चित्र वेगळं दिसेल.

दुसरं म्हणजे पाळणाघराचा खर्च तीन-चार वर्षांचा असतो आणि नोकरी सोडल्याचं नुकसान पुढे बरीच वर्षं चालतं, पीएफ थांबतो, इन्क्रिमेंट जातात, आणि परत येताना मागच्या पगारावर कोणी घेत नाही. २०२३चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांचं काम याच विषयावर आहे, की एकाच क्षेत्रातल्या पुरुष आणि बायकांच्या कमाईतला फरक मुख्यतः पहिल्या मुलानंतर पडतो. घरी राहायचं असेल तर जरूर राहा, बाळासोबतचा वेळ पैशात मोजायचा नसतो. फक्त "परवडत नाही" म्हणून सोडत असाल तर आधी हे गणित पूर्ण मांडा. आणि सोडलीच तर तिचा हातखर्च आणि तिच्या पीपीएफचे पैसे पहिल्या महिन्यापासून सामाईक खर्चात लिहा, मागावे लागू नयेत.

पगारी रजा पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे आहे, त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं लागतं. ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसला पाळणाघराची सोय द्यावी लागते. एचआर आपणहून सांगत नाही, ईमेलवर विचारा.

८. वेळेचाही हिशोब

२०१९च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेत आलं होतं की घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, आणि जे पुरुष करतात त्यांची ९७. दोघं कमावत असताना पैशांची वाटणी एकदम बारकाईने करायची आणि भांडी, डबे, मुलांचा अभ्यास तिच्याकडेच, ही वाटणी नाही. एका आठवड्याची कामं कागदावर लिहा. त्यात सिलिंडर बुक करणं, दूधवाल्याचा हिशोब, लसीची तारीख लक्षात ठेवणं हेही लिहा, कारण लक्षात ठेवणं हे वेगळं कामच आहे आणि ते दिसत नाही. मग ठरवा कोणतं काम पैसे देऊन बाहेर टाकायचं. स्वयंपाकाला मावशी लावली तर तिचा पगार सामाईक खात्यातून, "तुला होत नाही म्हणून लावली" असं नाही.

९. विमा, नॉमिनी आणि मृत्युपत्र

लग्नाआधी सगळीकडे आईवडील नॉमिनी असतात. बँक, म्युच्युअल फंड, एलआयसी, डिमॅट, सगळं एकदा उघडून बघा. पीएफचं नॉमिनेशन लग्नानंतर नव्याने करावंच लागतं, युएएनच्या (म्हणजे पीएफच्या नंबरच्या) पोर्टलवर होतं. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी ठेवता येतात आणि टक्केवारीही देता येते, त्यामुळे आई की बायको हा पेच सुटतो.

टर्म इन्शुरन्स घेताना नवऱ्याने तो १८७४च्या मॅरीड विमेन्स प्रॉपर्टी ॲक्टखाली घ्यावा. जास्तीचा प्रीमियम लागत नाही, फॉर्मसोबत एक पान भरायचं असतं, मग त्या पैशावर सावकार किंवा बँक हक्क सांगू शकत नाही, ते बायको-मुलांचेच. पॉलिसी घेतानाच करावं लागतं, नंतर होत नाही. आणि हेल्थ पॉलिसी कंपनीची असली तरी स्वतःची वेगळी घ्या, नोकरी गेली की कंपनीची पॉलिसीही जाते.

मृत्युपत्राचं बोललं की लोक "शुभ बोल" म्हणतात. पण मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यात काय होतं ते बघा. नवरा गेला आणि मूल नसेल तर बायको आणि त्याची आई यांना सारखा वाटा, वडील पहिल्या यादीतच नाहीत. बायको गेली तर तिच्या स्वतःच्या कमाईचं सगळं आधी नवरा आणि मुलांना, ते कोणी नसतील तर नवऱ्याच्या वारसांना, आणि तिचे स्वतःचे आईवडील त्याच्याही नंतर. एकुलत्या एक मुलींनी तर हे वाचून आजच काम करावं. साध्या कागदावर लिहिता येतं, स्टॅम्प पेपर लागत नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या पाहिजेत (ज्यांना त्यातलं काही मिळणार नाही अशांच्या घ्या), नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी.

१०. फाईल

एक जाड फाईल आणि एक वही. फाईलमध्ये:

- लग्नाचा दाखला, दोघांचे पॅन-आधार
- घराचं ॲग्रीमेंट, इंडेक्स टू, लोन सँक्शन लेटर (मूळ ॲग्रीमेंट बँकेकडे असेल तर त्याची पोचपावती)
- सगळ्या पॉलिसी आणि एजंटचा नंबर
- दागिन्यांच्या पावत्या आणि फोटो, तिचं स्त्रीधन वेगळं लिहून
- मृत्युपत्राची प्रत

वहीत कुठलं खातं कुठे, हप्ता कोणत्या तारखेला कुठून जातो, कोणाला उसने दिलेत. पिन आणि पासवर्ड वहीत लिहू नका. दर तीन महिन्यांनी एका रविवारी दोघांनी बसून बघा, आणि त्या दिवशी एकमेकांच्या फोनवरून प्रत्येकी एक व्यवहार करून बघा, लाईटबिल तिने आणि तिचं एसआयपी त्याने. जिथे अडेल तिथे कोणाचा तरी नंबर जोडायचा राहिलाय असं समजा आणि सोमवारी बँकेत जा.